शाळकरी मुलांचे सुट्टीतील अन्न : इंग्लंडमधील १९०६ व १९१४ च्या कायद्यांसंबंधी एक टिपण

इ. स. १९०६ च्या डिसेंबर महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने शाळकरी मुलांच्या भोजनाविषयीचा कायदा संमत केला. इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात या कायद्याचे स्थान मोठे मानले जाते, आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक करातून उभ्या केलेल्या पैशाने उपाशी मुलाला जेवू घालावे, आणि तसे करताना त्याच्या बापास भिकाऱ्याच्या वर्गात ढकलू नये, हे तत्त्व त्या देशात प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडले गेले. परंतु या कायद्याच्या एका शब्दप्रयोगाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. जेवण कोणाला द्यावयाचे, तर ‘सार्वजनिक प्राथमिक शाळेत हजर असणाऱ्या’ मुलांना. शाळा भरलेली असेल तेव्हा या शब्दांनी कोणाचीच अडचण होत नसे. शाळेला सुट्टी लागली की मात्र मूल ‘हजर’ राहात नसे, आणि ते हजर नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्याची भूकही उरत नसे. ही उणीव दूर होण्यास पावणेआठ वर्षे लागली. ती कशी निर्माण झाली, कोणी दाखवून दिली व कोणत्या परिस्थितीत भरून निघाली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. या प्रकरणाचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. त्याचाही विचार पुढे केला आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १८७० च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडात सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. तो कायदा मांडणारे डब्ल्यू. ई. फॉर्स्टर हे ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराचे प्रतिनिधी होते. १८८० मध्ये शाळेतील हजेरी सर्वत्र सक्तीची झाली आणि १८९१ मध्ये बहुतेक प्राथमिक शाळांतील फी गेली. सक्ती आली तेव्हा तोवर गल्लीबोळांत, कारखान्यांच्या आवारांत आणि अंधाऱ्या तळघरांत लपलेली मुले एकाएकी शिक्षकांच्या डोळ्यांसमोर येऊन बसली. त्यांतील कितीतरी न्याहारीवाचून येत. सरकारने पोलिसाचा धाक दाखवून मुलाला बाकावर आणून बसवले, पण त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करणे हे आपले काम नव्हे असे मानले. ती चौकशी आपले काम आहे असे ठरण्यास सव्वीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात जे काही झाले ते धर्मादायाच्या बळावर झाले. ‘सिंड्रेला क्लब’ या नावाच्या संस्था अनेक औद्योगिक शहरांत निघाल्या. ब्रॅडफर्डमध्येही १८९० च्या सुमारास असा क्लब निघाला व तो गरीब मुलांना जेवण देऊ लागला.

ब्रॅडफर्डचे नाव येथे वारंवार येते, ते योगायोगाने नव्हे. १८९३ च्या जानेवारीत स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना याच शहरात झाली. त्याच वर्षी मार्गारेट मॅकमिलन ही तेजस्वी स्त्री तेथे राहावयास आली आणि पुढील वर्षी स्कूल बोर्डावर निवडून गेली. शाळेत मुलांसाठी स्नानगृह बांधण्याची कल्पना तिची. १८९७ मध्ये ते बांधले गेले. नगरसभेत फ्रेड जोवेट हे गिरणीकामगारांतून वर आलेले गृहस्थ १८९२ पासून होते. मुलाचे शरीर हाही शिक्षणखात्याचा विषय आहे, ही जाणीव या शहरात इतर ठिकाणांच्या आधी रुजली होती.

राष्ट्रीय पातळीवर या विचाराला बळ मिळाले ते मात्र करुणेमुळे नव्हे, बोअर युद्धामुळे. सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरतो, अशी हाकाटी १९०२–०३ मध्ये सुरू झाली. शारीरिक ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी सरकारने विविध खात्यांची एक समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. साम्राज्याला सुदृढ शिपाई हवे असतील तर शाळेतील पोरांना खाऊ घातले पाहिजे, हा निष्कर्ष अनेकांना पटला. ज्यांना भुकेल्या मुलाची दया आली नव्हती त्यांना दुबळ्या शिपायाची भीती वाटली, असे म्हटल्यास ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

१९०५ मध्ये सरकारने एक अर्धवट उपाय करून पाहिला. स्थानिक कारभार मंडळाने हुकूम काढून उपाशी शाळकरी मुलांना अन्न देण्याचे काम दरिद्ररक्षक मंडळांकडे सोपविले. ही मंडळे म्हणजे दरिद्रांविषयीच्या जुन्या, कठोर कायद्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा. तिच्याकडून घेतलेली मदत म्हणजे समाजात कलंक आणि मतदानाच्या हक्काला मुकणे. मुलगा शाळेत वाडगाभर खीर खाणार आणि त्यापायी बाप मतदारयादीतून जाणार, अशी ही योजना. तिला यश आले नाही यात नवल नाही.

१९०६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे एकोणतीस सभासद कॉमन्स सभेत आले. जोवेट हे ब्रॅडफर्डचे त्यांतील एक. सुतारकाम करून कामगार संघटनेत वाढलेले विल्यम टायसन विल्सन यांनी खाजगी सभासद म्हणून भोजनाचे विधेयक मांडले. लिबरल सरकारने त्यास पाठिंबा दिला, आणि ते वर्षाच्या अखेरीस कायदा बनले. उमराव सभेने त्यातून स्कॉटलंड वगळले. मूळ विधेयकाचे बळ ठिकठिकाणी छाटले गेले होते. स्थानिक शिक्षणसंस्थांना जेवण देण्याचा अधिकार मिळाला, परंतु त्यांच्यावर बंधन आले नाही. प्रथम धर्मादाय निधी पाहावयाचा. तो नसेल किंवा पुरा पडत नसेल तर शिक्षणमंडळाची परवानगी मागावयाची. आणि परवानगी मिळाल्यावरही वर्षात एका पौंडाच्या करपात्र मूल्यामागे अर्ध्या पेनीहून अधिक कर बसवावयाचा नाही. पौंडाच्या त्या वेळी दोनशे चाळीस पेनी होत. म्हणजे हे प्रमाण चारशे ऐंशीव्या हिश्श्याचे झाले. आपल्याकडील जुन्या हिशेबाने बोलायचे तर रुपयामागे अर्ध्या पैपेक्षाही कमी. ज्यांना परवडेल त्या आईबापांकडून जेवणाची किंमत घ्यावयाची होती. ती दिली नाही तर दिवाणी मार्गाने वसूल करता येई. मात्र त्यापायी मतदानाचा हक्क जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद होती, आणि माझ्या मते संपूर्ण कायद्यातील सर्वांत दूरगामी महत्त्वाचे वाक्य तेच होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. करातील पैसा कोणत्या मुलांसाठी खर्च करावयाचा याचे उत्तर कायद्याने असे दिले होते: जी मुले अन्नाच्या अभावी त्यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा पूर्ण लाभ घेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी. अन्न हे शिक्षणाचे साधन, जसे खडू किंवा पाटी. या भूमिकेमागे राजकीय शहाणपण होते हे नाकारता येत नाही. चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी १८६९ पासून असे प्रतिपादन करीत आली होती की विचारपूस न करता दिलेली मदत घेणाऱ्याला परावलंबी करते. मुलाला पोसणे हे बापाचे कर्तव्य असून ते सरकारने उचलल्यास कुटुंबसंस्थाच ढासळेल. या आक्षेपाला ‘आम्ही मुलाला पोसत नाही, त्याला शिकवतो, आणि उपाशी मुलाला शिकवणे म्हणजे करदात्याचा पैसा वाया घालवणे’ हे उत्तर बिनतोड होते. परंतु युक्तिवादाच्या सोयीसाठी स्वीकारलेले तत्त्व पुढे कायद्याला बांधून ठेवते. अन्न जर शिक्षणासाठी असेल, तर शिक्षण बंद असताना अन्न कशासाठी? हिशेबतपासनीस हा प्रश्न विचारू शकत होता आणि विचारीत असे. सुट्टीच्या दिवसांत मुलांना जेवू घालण्यासाठी करातील पैसा खर्च करणे बेकायदेशीर आहे, असाच कायद्याचा अर्थ अधिकृतपणे लावला गेला. अमान्य ठरलेली रक्कम खर्चाला संमती देणाऱ्या सभासदांकडून वसूल होण्याचा संभव असे. त्यामुळे ज्या शहरांना सुट्टीत जेवण चालू ठेवावयाचे होते त्यांना पुन्हा धर्मादायाचे दार ठोठवावे लागे.

या निर्बंधाचा आवाका किती होता हे मोजून पाहणे उद्बोधक आहे. त्या काळच्या शिक्षणसंहितेप्रमाणे प्राथमिक शाळा वर्षातून किमान चारशे वेळा भरावी लागे. सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे स्वतंत्र मोजत. म्हणजे शाळेचे दिवस झाले दोनशेच्या आसपास. शनिवार, रविवार, नाताळ, ईस्टर, व्हिटसन आणि ऑगस्टची मोठी सुट्टी मिळून वर्षाचे सुमारे एकशे साठ दिवस कायद्याच्या बाहेर राहात. शिवाय अनेक शहरे जेवण केवळ हिवाळ्यातच देत.

सुट्टीत मुलाचे काय होते हे केवळ तर्काने सांगण्याची वेळ आली नाही. ते वजनकाट्यावर दिसले. कायदा झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, ब्रॅडफर्डच्या शिक्षण समितीने एक प्रयोग केला. समितीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रौली आणि गृहशास्त्र विभागाच्या प्रमुख मॅरिअन कफ यांनी तो आखला. शहरातील अत्यंत गरीब वस्तीच्या शाळांतून चाळीस मुले निवडली. त्यांना शाळेच्या दिवशी न्याहारी आणि दुपारचे जेवण दिले, नियमितपणे वजने घेतली, आणि तुलनेसाठी तशाच परिस्थितीतील परंतु जेवण न मिळालेल्या मुलांचीही वजने घेतली. न्याहारीला ओटची लापशी व काकवी असे. लापशी कधी चाखलीच नव्हती म्हणून काही मुलांनी पहिल्या दिवशी ती नाकारली. थोड्याच दिवसांत सर्व खाऊ लागली. टेबलांवर स्वच्छ चादरी अंथरल्या जात. मुलांचे कपडे मळके, शाळांत हात धुण्याची सोय अपुरी. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्या चादरी काळ्या झाल्या होत्या, अशी प्रांजळ नोंद अहवालात आहे. अशा नोंदी पाहिल्या म्हणजे अहवाल लिहिणाऱ्यांवर विश्वास बसतो.

जेवण मिळालेल्या मुलांचे वजन इतरांच्या मानाने स्पष्टपणे अधिक वाढले. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने त्या अहवालातील आलेख अधिक बोलका आहे. वजनाची रेषा वर चढत जाते, आणि मध्येच, व्हिटसनच्या सुट्टीच्या ठिकाणी, ती खाली घसरते. जेवण पुन्हा सुरू झाल्यावर ती पुन्हा चढू लागते. सुट्टी कितीशी, तर थोड्या दिवसांची. तेवढ्यातही वाढत्या वयाच्या मुलांचे वजन उतरावे, यावरून घरच्या अन्नाची कल्पना येते. क्रौली यांचा उद्देश सुट्टीविषयी काही सिद्ध करण्याचा नव्हता. त्यांना जेवणाची उपयुक्तता दाखवावयाची होती. सुट्टी मध्ये आली आणि तिने अनायासे उलट बाजूने पुरावा दिला. जेवण देऊन झालेला लाभ जेवण काढून घेतल्यावर किती त्वरेने नाहीसा होतो, हे दाखवणारा असा प्रयोग हेतुतः करणे कोणाही सदसद्विवेकी मनुष्यास शक्य झाले नसते. पंचांगाने तो घडवून आणला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रॅडफर्डने ग्रीन लेन येथील शाळेत मध्यवर्ती स्वयंपाकघर उघडले. तेथून शिजलेले अन्न शहरातील निरनिराळ्या भोजनकेंद्रांना पाठवले जाई. व्यवस्थेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण स्वयंपाक शाळेपासून वेगळा झाला. शाळेचे कुलूप लागले तरी चूल पेटती ठेवणे आता शक्य होते. शक्य होते, पण कायदेशीर नव्हते! १९०६ च्या कायद्याने शिक्षकांवर जेवणावर देखरेख करण्याची सक्ती केलेली नव्हती. बहुतेक ठिकाणी ते स्वेच्छेने हे काम करीत. सुट्टीत शिक्षक नसत, तेव्हा वाढणार कोण, हा प्रश्न राही. तरीही मुख्य अडसर माणसांचा नसून पैशाचा होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. १९०७ मध्येच शिक्षणाच्या प्रशासनाविषयी दुसरा एक कायदा झाला. शाळेतील वैद्यकीय तपासणीमुळे तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याच कायद्याच्या एका कलमाने स्थानिक संस्थांना सुट्टीतील शाळा, सुट्टीतील वर्ग, क्रीडाकेंद्रे व करमणुकीची इतर साधने चालवण्याचा अधिकार दिला. कादंबरीकर्त्री मेरी वॉर्ड, ज्या मिसेस हम्फ्री वॉर्ड या नावाने लिहीत, यांच्या प्रयत्नांचे हे फळ. त्यांनी १९०२ मध्ये लंडनमध्ये आपल्या संस्थेत सुट्टीतील शाळा भरवून दाखवली होती. म्हणजे १९०७ नंतर इंग्लंडातील नगरपालिका ऑगस्ट महिन्यात गरीब मुलाला सार्वजनिक खर्चाने चेंडू देऊ शकत होती, चित्रे काढावयास शिकवू शकत होती, नाचगाणी शिकवू शकत होती. भाकरीचा तुकडा मात्र देऊ शकत नव्हती. खेळ हा शिक्षणाचा विस्तार ठरला आणि अन्न ठरले नाही. क्रीडाकेंद्रास विरोध करणारे कोणी नव्हते. कारण खेळायला दिल्याने बापाची जबाबदारी कमी होते असे कोणी म्हणत नसे.

बापाच्या जबाबदारीचा हा मुद्दा थोडा तपासून पाहिला पाहिजे, कारण सुट्टीतील भोजनाला असलेल्या विरोधाचे मूळ तेथे आहे. सीबोम रौंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे अठ्ठावीस टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे त्यांना आढळले. आणि जवळजवळ दहा टक्के लोकांची मिळकत अशी की ती कितीही काटकसरीने खर्चली तरी केवळ शरीर धडधाकट ठेवण्यासही पुरू नये. रौंट्री यांनी असेही दाखविले की मजुराच्या आयुष्यात टंचाईचे काळ ठराविक येतात, आणि त्यांतील पहिला काळ बालपणाचा असतो. १९१३ मध्ये मॉड पेम्बर रीव्हज यांनी लंडनच्या लॅम्बेथ भागातील कुटुंबांचा जमाखर्च प्रसिद्ध केला. आठवड्याला एक पौंडाच्या आसपास मिळकत असलेली ही कुटुंबे दारुडी अथवा आळशी नव्हती. बाप कामावर जात होता, आई पै-पैचा हिशेब ठेवीत होती. अन्नाचा बरा वाटा कमावत्याला द्यावाच लागे, कारण त्याची शक्ती गेली तर सर्वांचीच भाकर जाणार. उरलेल्यात आई आणि मुले. अशा घरात मुलाचे दुपारचे जेवण शाळेत होत असेल, तर तेवढा भार हलका होऊन धाकट्यांच्या वाट्याला थोडे अधिक येई. सुट्टी लागली म्हणजे मिळकत वाढत नसे. खाणारी तोंडे मात्र दुपारच्या वेळी वाढत. जबाबदार बापाची जबाबदारी सुट्टीत अंकगणितावर आपटून फुटे. कर्तव्याचा उपदेश करणारांनी हे अंकगणित केले नव्हते असे नाही. परंतु त्याचे उत्तर मजुरी वाढविण्यात आहे हे मान्य करणे त्यांना अधिकच जड गेले असते.

आता मुंबईकडून आलेल्या धाग्याविषयी. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि पाटलिपुत्राच्या उत्खननाला केलेले साहाय्य आपल्या वाचकांस ठाऊक आहे. दारिद्र्याची कारणे आणि त्याच्या निवारणाचे उपाय यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी लंडन विद्यापीठालाही देणगी दिली, हे तुलनेने कमी लोकांना माहीत असते. त्या देणगीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ‘रतन टाटा फाउंडेशन’ हा विभाग निघाला आणि आर्थिक इतिहासाचे थोर अभ्यासक आर. एच. टॉनी त्याचे संचालक झाले. या विभागाच्या पहिल्या प्रकाशनांत मिस एम. ई. बल्कली यांचा शाळकरी मुलांच्या भोजनावरील ग्रंथ होता. टॉनी यांच्या प्रास्ताविक टिपणासह तो १९१४ मध्ये बाहेर पडला. १९०६ चा कायदा शहरोशहरी कसा राबवला जातो, कोठे टेबलावर चादर असते आणि कोठे मुलांना कोंदट जागेत दाटीवाटीने कसेबसे उरकावे लागते, याचे इतके बारकाईचे चित्र दुसरीकडे मिळत नाही. आजही या विषयाच्या अभ्यासकाला आरंभ त्या ग्रंथापासूनच करावा लागतो. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या संपत्तीने इंग्रज मुलांच्या भुकेची तपासणी व्हावी, ही घटना साम्राज्याच्या इतिहासात विरळा. त्या वेळी मुंबई इलाख्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षणच नव्हते. गोखल्यांचे त्यासंबंधीचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये कायदेमंडळाने फेटाळले होते. सक्ती नव्हती म्हणून उपाशी मूल सरकारच्या डोळ्यांसमोर यावयाचेही कारण नव्हते.

मजूर पक्षाचे सभासद कायद्यात दुरुस्तीसाठी कॉमन्स सभेत वारंवार प्रयत्न करीत होते. यश आले ते अनपेक्षित घाईत. १९१४ च्या ऑगस्टच्या चार तारखेस इंग्लंड महायुद्धात उतरले, आणि सात तारखेस भोजनाच्या दुरुस्ती कायद्यास राजमान्यता मिळाली. युद्ध सुरू होताच बेकारी वाढेल, आणि लढाईवर गेलेल्यांच्या बायकामुलांची आबाळ होईल, ही धास्ती त्या आठवड्यात सर्वत्र होती; आणि शाळांना तर ऑगस्टची सुट्टी होती. नव्या कायद्याने अर्ध्या पेनीची मर्यादा काढून टाकली, शिक्षणमंडळाच्या पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, आणि ज्या दिवशी शाळा भरते त्या दिवशी तसेच इतर दिवशीही जेवण देण्याचा अधिकार आहे असे स्पष्ट केले. ‘इतर दिवशीही’ या दोन शब्दांसाठी ब्रॅडफर्डच्या वजनाच्या आलेखानंतर सात वर्षे जावी लागली होती. बोअर युद्धाने पहिला कायदा दिला होता, महायुद्धाने दुसरा.

यानंतरचा इतिहास या टिपणाच्या कक्षेबाहेरचा आहे. तरी दोन-तीन गोष्टींचा उल्लेख करणे योग्य होईल. अधिकार मिळाला म्हणून जेवण मिळाले असे झाले नाही. युद्धाच्या आरंभी जेवणाऱ्या मुलांची संख्या एकदम वाढली, पण युद्धकामामुळे रोजगार वाढताच ती उतरली. १९२२ नंतर काटकसरीच्या लाटेत सरकारने या खर्चावर हात आखडला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने जेवण व दूध पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले, आणि १९०६ पासूनचा ‘अधिकार आहे, बंधन नाही’ हा पेच सुटला. परंतु याच सुमारास एक नवी गुंतागुंत झाली. बेव्हरिज यांनी १९४२ च्या आपल्या अहवालात प्रत्येक मुलामागे (पहिले वगळून) आठवड्याला सरासरी आठ शिलिंग भत्ता सुचवला होता. सरकारने १९४५ च्या कायद्यात तो पाच शिलिंगांवर आणला. समर्थन असे दिले गेले की उरलेला भाग शाळेतील जेवण व दूध यांच्या रूपाने वस्तुरूपात मिळेल. दूध १९४६ मध्ये सर्वांना मोफत झाले; जेवण सर्वांना मोफत कधीच झाले नाही. आणि जेथे ते मोफत होते तेथेही शाळेच्या दिवशीच. रोख रकमेतून जे कापले गेले ते वर्षाच्या बावन्न आठवड्यांतून कापले गेले, भरपाई मात्र शाळेच्या आठवड्यांतच होणार. हा हिशेब कोणा लेखनिकाच्या हातून चुकला असे वाटत नाही. मूल म्हणजे विद्यार्थी, ही १९०६ ची व्याख्या राज्यकर्त्यांच्या मनात अजून घर करून होती, एवढाच त्याचा अर्थ.

१९८० च्या कायद्याने जेवण पुरवण्याचे सर्वसाधारण कर्तव्यही काढून घेतले. अत्यंत गरीब कुटुंबांतील मुलांपुरते ते उरले. २०१७ मध्ये फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय गटाने सुट्टीतील भुकेवर अहवाल प्रसिद्ध केला आणि तीस लाख मुलांना सुट्टीत उपासमारीचा धोका आहे असा अंदाज दिला. २०२० च्या जूनमध्ये, महामारीच्या काळात, फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी पार्लमेंटच्या सभासदांना जाहीर पत्र लिहिले. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरवून उन्हाळी सुट्टीसाठी बारा कोटी पौंडांची योजना जाहीर केली. ऑक्टोबरात मात्र सुट्टीतील जेवण पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव कॉमन्स सभेत २६१ विरुद्ध ३२२ मतांनी पडला, आणि नोव्हेंबरात सरकारला पुन्हा माघार घ्यावी लागली. त्यातून २०२१ साठी सर्व इंग्लंडात विस्तारलेल्या योजनेच्या नावात खेळ आणि अन्न असे दोन्ही शब्द आहेत. १९०७ ने जे दिले आणि १९०६ ने जे नाकारले ते एका नावात येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

आपल्या देशातील कायद्याची शब्दयोजना या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले मध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक केले. त्यात उष्मांक किमान तीनशे, प्रथिने आठ ते बारा ग्रॅम, आणि दिवस किमान दोनशे असे प्रमाण होते. इंग्लंडच्या जुन्या शिक्षणसंहितेतील चारशे सत्रांचाच हा आकडा. महाराष्ट्रात १९९५ पासून मुलांना घरी नेण्यासाठी महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे. त्याच्या जागी शाळेत खिचडी आली. तांदूळ घरी नेण्यात अनेक दोष होते. तो कुटुंबाच्या हंड्यात जाई, मुलाच्या ताटात किती येई हे सांगता येत नसे. पण घरी नेलेला तांदूळ सुट्टी ओळखत नसे, एवढा एक गुण त्यात होता.

उन्हाळ्याची सुट्टी आणि अन्नपाण्याची टंचाई आपल्याकडे एकाच वेळी येतात. इंग्लंडात ऑगस्टमध्ये निदान बांधकामाची व शेतीची कामे चालू असत. मराठवाड्यात मे महिन्यात शेतावर काम नसते आणि विहिरीत पाणी नसते. १९७२–७३ च्या दुष्काळात कामांवर वाटली जाणारी सुकडी ज्यांना आठवते त्यांना हे सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे असे सांगितले. बारा राज्यांतील दुष्काळासंबंधीच्या खटल्यात मे २०१६ मध्ये हेच पुन्हा सांगावे लागले, आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. मधल्या काळात, २०१३ मध्ये, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याच्या पाचव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत रोज एक वेळचे मोफत भोजन मिळण्याचा हक्क दिला आहे. ‘रोज’ या शब्दानंतर स्वल्पविराम आहे, आणि त्यापुढे शाळेच्या सुट्ट्या वगळून, असे शब्द आहेत. १९०६ च्या कायद्यात सुट्टीचा उल्लेखच नव्हता, तो अर्थ हिशेबतपासनिसाला काढावा लागला होता. येथे तो मूळ कलमातच आहे. त्यामुळे सुट्टीतील भोजनासाठी प्रथम त्या भागात दुष्काळ जाहीर व्हावा लागतो.